दोन वेताळ आणि एक रिकामी जागा

माझ्या लहानपणी आमच्या घरात दोन वेताळ राहायचे. एक झाडावर लटकायचा आणि विक्रम राजाने खांद्यावर घेतलं की गोष्ट सांगायला लागायचा. दुसरा पांढऱ्या घोड्यावरून दौडत यायचा. तोंडावर मुखवटा, कमरेला पिस्तुलं, बोटात कवटीची अंगठी. पहिला भेटायचा ‘चांदोबा’त, दुसरा ‘इंद्रजाल कॉमिक्स’मध्ये. मी पाच-सहा वर्षांची असताना मला वाटायचं, हे दोघं सख्खे भाऊ असणार. एक गावी राहिला आणि दुसरा नोकरीसाठी आफ्रिकेला गेला.

तुमच्याही घरात असं काहीतरी असेलच. कुणाकडे कॅसेटचा डबा असेल, कुणाकडे सिनेमाच्या तिकिटांचे तुकडे, कुणाकडे गाण्यांची वही. आपण ते फेकतही नाही आणि उघडूनही बघत नाही. माझी ट्रंकही अशीच पडून होती. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत, आमच्या हैदराबादच्या फ्लॅटमध्ये, माझ्या मुलीने ती पलंगाखालून ओढून काढली आणि विचारलं, “आई, हे रद्दीत द्यायचं ना?”

त्या एका प्रश्नाने काय काय झालं, ते तुम्हाला सांगायचं आहे. कारण सिनेमा, गाणी आणि कॉमिक्स यांना आपण ‘टाइमपास’ म्हणतो खरं, पण माझ्या घरात त्यांनी जे केलं ते मोठ्या माणसांच्या समजुतीच्या गोष्टींनाही जमलं नव्हतं.

मद्रासहून येणारी मराठी

माझं बालपण इंदूरला गेलं. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत दोन्हींची खिचडी. मराठी बोलता सगळ्यांनाच यायचं, पण वाचायला शिकवलं ते ‘चांदोबा’ने. आणि गंमत बघा, मध्य प्रदेशातल्या एका मराठी मुलीला मराठी शिकवणारं ते मासिक यायचं मद्रासहून, पोस्टाने!

1947 मध्ये ‘चंदामामा’ तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. 1952 मध्ये त्याचा मराठी ‘चांदोबा’ आला. ते काढणारे बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे दोघं सिनेमावाले होते, हे मला हैदराबादला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. इथे शेजारच्या काकूंनी एका संक्रांतीला मला ‘मायाबझार’ दाखवला. 1957 चा हा तेलुगू सिनेमा याच जोडीच्या विजया प्रॉडक्शन्सचा. गोष्ट आपल्या ओळखीची, वत्सलाहरणाची. आपली वत्सला तेलुगूत शशिरेखा होते, एवढाच फरक. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच ताटापुढे बसतो आणि लाडू आपोआप उडत त्याच्या तोंडात जातात. ते बघताना मी ओरडलेच, “अहो, हे तर चांदोबातलं चित्र आहे!” काकूंना चांदोबा माहीत नव्हता, पण चंदामामा माहीत होता. त्या दुपारपासून आमची मैत्री झाली ती आजवर टिकून आहे.

विक्रम आणि वेताळाचं ते चित्र तुम्हाला आठवत असेल. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागे अंधारी रात्र. ते काढणारे शंकर म्हणजे के. सी. शिवशंकरन. साधारण साठ वर्षं त्यांनी या मासिकासाठी चित्रं काढली. 2020 मध्ये ते गेले, तेव्हा वेगवेगळ्या भाषांत वाढलेल्या माणसांना एकाच चित्राची आठवण आली. भाषा वेगळ्या, पण भीती आणि उत्सुकता सगळ्यांची एकच होती.

दादाचं राज्य

इंद्रजाल मात्र दादाचं. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दुकान होतं, तिथे कॉमिक्स भाड्याने मिळायची. दुकानात हिंदी अंक असायचे, मराठी अंक सुट्टीत नागपूरच्या मावशीकडून यायचे. घरी आणलेलं कॉमिक आधी दादा वाचणार, मग मी, आणि संध्याकाळच्या आत परत. पानाचा कोपरा दुमडला तर आठवडाभर बंदी.

इंद्रजाल कॉमिक्स मार्च 1964 मध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी सुरू केली आणि 1990 मध्ये ती बंद पडली. त्या काळात 800 हून अधिक अंक निघाले. त्यातला वेताळ म्हणजे ली फॉक या अमेरिकन लेखकाचा फँटम. तो वर्तमानपत्रात अवतरला 1936 मध्ये, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. जादूगार मॅन्ड्रेक त्याहून जुना, 1934 चा, आणि तोही फॉक यांचाच.

पण माझा खरा जीव होता तो ‘बहादूर’वर. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी हा देशी नायक लिहिला. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स, आणि चंबळच्या डाकूंशी सामना. चंबळ म्हणजे आमच्याच राज्यातलं, त्यामुळे तो आपल्या गावचा वाटायचा. त्याच्याबरोबरची बेला नुसती किंचाळत उभी राहत नसे, स्वतः हाणामारी करायची. मुलींनी कॉमिक्स कशाला वाचायची, असं विचारणाऱ्या आत्याला मी बेलाचंच चित्र दाखवलं होतं. याच आबिद सुरती यांनी उतारवयात मीरा रोडला घरोघरी जाऊन गळणारे नळ फुकट दुरुस्त करून द्यायला सुरुवात केली. नायक लिहिणारा माणूस स्वतः कसा असावा, याचं याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

वेताळाचं गुपित तुम्हाला ठाऊक असेलच. जंगलातले लोक त्याला अमर मानतात, चारशे वर्षांपासून तोच एक माणूस फिरतो आहे असं समजतात. खरं तर तो एकविसावा असतो. बाप जातो, मुलगा कवटीवर हात ठेवून तीच शपथ घेतो आणि तोच मुखवटा चढवतो. लहानपणी मला यात फसवणूक वाटायची. “म्हणजे तो खोटंच अमर आहे!” मी म्हणाले होते. दादा म्हणाला, “अगं, घेणारा कुणीतरी आहे म्हणून तर अमर आहे.”

बुधवारची रात्र

दादाचं दुसरं वेड म्हणजे गाणी. बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. रेडिओ सिलोनवर गीतमाला लागायची. 3 डिसेंबर 1952 ला सुरू झालेला हा कार्यक्रम, आधी बिनाकाचा, नंतर सिबाकाचा. अमीन सयानींचा आवाज शॉर्टवेव्हच्या लाटांवर कधी जवळ यायचा, कधी दूर जायचा. दादा कानाला रेडिओ लावून वहीत लिहून घ्यायचा. कोणतं गाणं कितव्या पायदानावर, मागच्या आठवड्यात कुठे होतं, चढलं की उतरलं. गाणी खालून वर येत, पहिल्या नंबरचं सगळ्यात शेवटी. त्या शेवटच्या पाच मिनिटांत आम्ही श्वास रोखून बसायचो.

आज मुलीला हे सांगितलं तर ती म्हणते, “पण हवं ते गाणं हवं तेव्हा ऐकता येत नव्हतं, तर मजा कसली?” मी तिला म्हटलं, वाट बघण्याचीच मजा होती, असं मी म्हणणार नाही. कित्येकदा नुसती खरखरच ऐकू यायची. पण एक फायदा नक्की होता. गाणं एकदाच लागणार म्हणून कान देऊन ऐकायची सवय झाली.

तो कान दादाने घडवला. 1973 च्या ‘यादों की बारात’मधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरुवात आठवून बघा. काचेच्या ग्लासवर काहीतरी टिणटिण वाजतं. दादाने स्वयंपाकघरातून ग्लास आणि चमचा आणून मला दाखवलं होतं, की आर. डी. बर्मन यांनी हेच केलं. ग्लासात पाणी कमी-जास्त करून आम्ही तासभर ते शोधत बसलो. ग्लास फुटला, आईचा धपाटाही बसला. पण तेव्हापासून गाण्यात मागे काय वाजतंय, ते मला ऐकू यायला लागलं.

इंदूरच्या मुलांना गाण्यांचा अभिमान जरा जास्तच. लतादीदींचा जन्म 1929 मध्ये आमच्याच शहरातला. किशोरकुमार खंडव्याचे, पण कॉलेजला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात. तिथल्या कँटीनवाल्याची पाच रुपये बारा आणे उधारी राहिली आणि तोच आकडा पुढे ‘चलती का नाम गाडी’च्या गाण्यात आला, असं आमच्याकडे सांगतात. दादा त्या कॉलेजवरून जाताना सायकल हळू करायचा.

अपू, दुर्गा आणि एक माळ

पुढे घरात टीव्ही आला, छोटा, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी दुपारी दूरदर्शनवर वेगवेगळ्या भाषांतले सिनेमे लागायचे. बाकीचं घर झोपलेलं असे. आम्ही दोघं आवाज बारीक करून बघत बसायचो. खाली इंग्रजी ओळी यायच्या, दादा त्या भराभर मराठीत सांगायचा. असाच एका दुपारी ‘पथेर पांचाली’ बघितला.

सत्यजित राय यांचा 1955 चा हा पहिला सिनेमा. पूर्ण व्हायला काही वर्षं लागली, कारण पैसे संपत होते. त्यांनी आयुर्विमा पॉलिसी गहाण ठेवली, पत्नीचे दागिने ठेवले, शेवटी पश्चिम बंगाल सरकारच्या पैशांवर तो पुरा झाला. पंडित रविशंकर यांनी त्याचं संगीत एका रात्रीच्या बैठकीत केलं. आणि कॉमिक्सवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे, राय यांनी त्याचे प्रसंग आधी चित्रांत काढले होते. ते मुळात जाहिरात कंपनीतले चित्रकार. याच कादंबरीच्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रं काढताना त्यांना या गोष्टीचा लळा लागला. पुढे आपल्या सिनेमांचं संगीतही ते स्वतःच करू लागले. आजोबांनी सुरू केलेलं ‘संदेश’ हे मुलांचं मासिक त्यांनी 1961 मध्ये पुन्हा चालू केलं. चित्र, सिनेमा, गाणं आणि मुलांची गोष्ट हे सगळं त्या एका माणसाच्या टेबलावर शेजारी शेजारी होतं.

पण आमच्या लक्षात राहिले ते अपू आणि दुर्गा. गवताच्या तुऱ्यांमधून आगगाडी बघायला धावणारी भावंडं. शेजारीण दुर्गावर माळ चोरल्याचा आळ घेते, दुर्गा नाही म्हणते. पुढे दुर्गा तापाने जाते. घर सोडून निघताना लहानग्या अपूला ती माळ सापडते. म्हणजे चोरी खरी होती. अपू कुणाला हाक मारत नाही. तो ती माळ नेऊन तळ्यात फेकतो आणि वरचं शेवाळ पुन्हा मिटून जातं.

मी तेव्हा फार रडले. दादा काहीच बोलला नाही.

घर विकलं तेव्हा

आता जरा अवघड भाग. आठ वर्षांपूर्वी आई गेली. बाबा आधीच गेले होते. इंदूरचं घर विकायचं की ठेवायचं, यावरून दादाचं आणि माझं बिनसलं. कोण बरोबर, कोण चूक ते इथे सांगत नाही, कारण मी सांगितलं तर माझीच बाजू बरोबर निघेल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात हे झालं असेल. भांडण मोठ्या आवाजात होत नाही. फोन कमी होतात, मग सणापुरते उरतात, मग नुसता दिव्याचा फोटो पाठवून काम भागतं. घर रिकामं करताना वाटण्या झाल्या. भांडी, फर्निचर, कागद. ट्रंक कुणीच मागितली नाही, म्हणून ती माझ्याकडे आली.

आणि तीच ट्रंक माझी मुलगी रद्दीत द्यायला निघाली होती. तिचं काही चुकलं नव्हतं. मी तिला ती कधी उघडून दाखवलीच नव्हती.

त्या दिवशी आम्ही साफसफाई तशीच टाकून जमिनीवर बसलो. वर इंद्रजालचे अंक, पिना गंजलेल्या. खाली चांदोबा. त्याखाली गीतमालेची वही. मुलगी हल्ली जपानी मांगा वाचते. तिचं ‘वन पीस’ 1997 पासून सुरूच आहे आणि ते उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, हे तिने मला शिकवलं. मी तिला वेताळाचं गुपित सांगितलं. तेवढ्यात तिने वही उघडली आणि विचारलं, “आई, या पानावर पहिल्या नंबरला काही लिहिलंच नाहीये. का गं?”

सगळी पानं भरलेली. फक्त त्या एका बुधवारी पहिली ओळ कोरी.

मला आठवेना. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. रात्री मुलीला ‘पथेर पांचाली’ दाखवला. माळ तळ्यात पडली तेव्हा मी उठले, वहीच्या त्या पानाचा फोटो काढला आणि दादाला पाठवला. खाली एवढंच लिहिलं, “इथे कोणतं गाणं होतं?”

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी, योगायोगाने बुधवारीच, मेसेज आला.

“गाणं लागायच्या आधीच रेडिओ बंद पडला. सेल संपले होते. नवीन सेल तू टॉर्चमध्ये घातले होतेस, पांघरुणात बहादूर वाचायला. जुने रेडिओत घातलेस. मला त्याच रात्री कळलं होतं.”

मी फोन हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. मला सगळं आठवलं. बाबांनी दोघांना विचारलं होतं, सेल कुणी काढले म्हणून. मी गप्प राहिले होते. दादा म्हणाला होता, “दुकानदारानेच जुने दिले असतील.” चाळीस वर्षं माझी माळ तळ्यात पडून होती आणि ती कुणी टाकली ते मला माहीतच नव्हतं.

मी लगेच फोन लावला. घराबद्दल आम्ही बोललो नाही. तो विषय अजूनही आमच्यात आहे, आणि तो एका वहीने सुटेल असं मी म्हणत नाही. पण आता दर बुधवारी रात्री आठ वाजता फोन होतो. एक गाणं तो सुचवतो, एक मी, आणि तिसरं माझी मुलगी. तिच्या कोरियन गाण्यांना दादाने पहिल्या आठवड्यात नावं ठेवली. दुसऱ्या आठवड्यात त्यात मागे काय वाजतंय ते तो तिला विचारत होता.

तुमच्या घरातली ट्रंक

तुम्हाला यातून काही करावंसं वाटलं तर सोप्या गोष्टी आहेत. जुनी कॉमिक्स असतील तर गंजलेल्या पिना हलकेच काढा, अंक कोरड्या जागी कागदात गुंडाळून आडवे ठेवा, ऊन लागू देऊ नका. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून पान खातो. कॅसेट असतील तर अधूनमधून पूर्ण फिरवून घ्या. वह्यांचे फोटो काढून ठेवा.

पण जपून ठेवणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं म्हणजे ते कुणाला तरी सांगणं. मुलांना “आमच्या वेळी किती छान होतं” असं सुनावू नका, ती पळून जातात. एक अंक, एक गाणं, एक सिनेमा एवढंच घ्या आणि तो तुमच्या हाती कसा आला ते सांगा. मग त्यांचं ऐका. मांगा उजवीकडून डावीकडे वाचायला मला पन्नाशीत शिकावं लागलं. पहिली दहा पानं मी उलटीच वाचली आणि मुलगी पोट धरून हसली.

आणि ज्यांच्याशी बोलणं थांबलं आहे, त्यांना लांबलचक पत्र लिहायला जमत नसेल, तर एखाद्या जुन्या कव्हरचा फोटो पाठवून बघा. उत्तर येईलच असं नाही. आलं तर बरं.

परवा मी दादाला पुन्हा विचारलं, “पण त्या बुधवारी पहिलं गाणं होतं तरी कोणतं? आता शोधून काढता येईल की.”

तो म्हणाला, “नको. ती जागा तशीच राहू दे.”

म्हणून ती ओळ आम्ही कोरीच ठेवली आहे. ट्रंक आता पलंगाखाली नाही, मुलीच्या खोलीत आहे. तिच्या कडीला तिने स्वतःच एक चिठ्ठी बांधली आहे. “रद्दी नाही.”